पिन नसलेला हार

लग्नसराईतला सोमवार आमच्या शाखेत हारांचा असतो. दहाच्या, वीसच्या कोऱ्या नोटा रिबिनीवर स्टेपल केलेल्या, मधेमधे जरीची फुलं डिंकाने चिकटवलेली. रोख काउंटरवर मी असते, त्यामुळे पिना काढणं माझ्याकडे. पिन निघाली तरी भोकं राहतात, घाई केली की नोट फाटते आणि डिंकाने चिकटलेल्या दोन नोटा मोजणी यंत्रात एक म्हणून जातात. नोटांच्या पाकिटांना पिना मारू नका, असं रिझर्व्ह बँकेने २००१ सालीच बँकांना बजावलं आहे. नोटांचे हार करू नका, ही विनंतीही ती लोकांना वारंवार करते. मला ती मनापासून पटते. खराब झालेल्या नोटा शेवटी रिझर्व्ह बँकेत जातात, तिथे त्यांचे बारीक तुकडे करून दाबून विटा पाडतात. कोऱ्या करकरीत नोटेवर ही वेळ एका वरातीपायी यावी, याचं वाईट वाटतं.

त्या सोमवारी एक नवी नवरी आत्याला घेऊन आली. पिशवीतून तिने काउंटरवर अख्खा साज मांडला: गळ्यातला हार, दोन बाजूबंद, बांगड्या, एक अंगठी. सगळा नोटांचा. मी सवयीने पिन काढायचा चिमटा उचलला.

“एकसुद्धा पिन नाही बघा, मॅडम,” आत्या म्हणाल्या. “डिंक नाही, टेप नाही.”

खरंच नव्हतं काही. हारातली फुलं दहाच्या नोटांची. नोटेला पंख्यासारख्या चुण्या घालून मध्यावर साध्या दोऱ्याची गाठ, आणि असे दोन पंखे जोडून एक फूल. नोटेतल्या सुरक्षा धाग्यावर चुणी येऊ दिली नव्हती, तो दोन चुण्यांच्या मधे सपाट ठेवला होता. बाजूबंदाला तर दोराही नव्हता. नोट आडवी दुमडत दुमडत बोटाच्या निम्म्या रुंदीची पट्टी केलेली, पट्टीची टोकं मध्यावर आणून पुन्हा घडी, आणि एका घडीच्या पोटात दुसरीची टोकं. नागमोडी साखळी. ओढून पाहिली, सुटेना.

आत्यांचा मुलगा न्यू जर्सीला. तिथे डॉलरच्या नोटेची अंगठी करतात, ती त्या शिकून आल्या होत्या. “पण डॉलर लांब असतो हो. आपली दहाची त्यात पुरत नाही.” डॉलर १५६ मिलिमीटर, आपली नवी दहाची १२३, वीसची १२९. म्हणून अंगठी वीसची, आणि घडी अशी बसवलेली की मागच्या बाजूचं वेरूळ नेमकं बोटावर यावं. नोटा हाताळण्यात माझी इतकी वर्षं गेली, पण नोटेकडे असं कोणी बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

भरणा घ्यायचा तर नोटा सुट्या हव्यात. सोडवायला मी घेतलं, तशा आत्यांनी हात धरला. “शेवटची घडी आधी.” मग आम्ही दोघी उलगडत बसलो. नोटेचा कागद कापसाचा, त्यामुळे घडीवर तो लगेच विरत नाही. एकही नोट फाटली नाही. चुण्यांमुळे यंत्र त्या घेईना, म्हणून हाताने मोजल्या आणि जाड रजिस्टराखाली दाबून ठेवल्या.

मी त्यांना स्पष्टच म्हटलं, “काकू, तुमचा हात सोन्याचा आहे. पण हे रंगीत कागदाचं करा आणि पैसे आहेराच्या पाकिटात द्या.”

“कागदाचं केलं तर पोरं ओरबाडून टाकतात,” त्या म्हणाल्या. “नोट असली की एकेक घडी जपून उघडतात.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. माझं मत मात्र बदललेलं नाही. घड्यांनीही नोटेचं आयुष्य कमी होतंच. त्यांनी भरण्याच्या कोऱ्या स्लिपवर मला अंगठीची घडी दाखवली, ती आता माझ्या बोटांना येते.

नवरीने पावती घेतली. रांगेत पुढचे गृहस्थ मोठा हार घेऊन उभे होते, पिनांनी भरलेला. आत्यांनी तो पाहिला, माझ्या हातातला चिमटा घेतला आणि बाकावर जागा करत म्हणाल्या, “आणा इकडे. ओढू नका, मागून उचकटायची असते.”