कांदाचाळीतली सड कळवणारं यंत्र : शाळेच्या गटासोबतचा आमचा अनुभव

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर. या उपक्रमातली पहिली अडचण तीच. सेन्सरचा पाइप चाळ भरतानाच उभा करावा लागतो. भरलेल्या ढिगात तो नंतर खुपसला तर कांदे दुखावतात आणि सड तिथूनच सुरू होते. म्हणून आम्ही शाळेतल्या अटल लॅबमधल्या (मुलांनी हाताने यंत्रं बनवून पाहायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) आठवीच्या पाच मुलामुलींना डिसेंबरातच कामाला लावलं. मार्चअखेर यंत्र तयार, सुट्टीत चाळीत बसवणं, आणि नववीत गेल्यावर नोंदी. जूनमध्ये सुरुवात करणाऱ्या गटाचा अख्खा हंगाम हुकतो.

मुलांच्या वहीतलं पहिलं वाक्य होतं, ‘कांदा सडू नये.’ त्यावर यंत्र बनत नाही. चार चाळी पाहून, शेतकऱ्यांशी बोलून ते बदललं. सड लागल्याचं त्यांना वासावरून कळतंच, पण ती चाळीच्या कुठल्या खणात (कप्प्यात) आहे ते कळत नाही. मग सगळी चाळ फोडून मजुरांकडून कांदा निवडून घ्यावा लागतो. त्यामुळे नवं वाक्य झालं, ‘आधी कुठला खण फोडायचा ते कळावं.’ यासाठी दोन आठवडे गेले, पण पुढचा प्रत्येक निर्णय याच वाक्यावर घेता आला. आमच्या मते सगळ्या कामात हेच दोन आठवडे सर्वांत मोलाचे.

शाळेतली चाचणी जाळीच्या दोन क्रेटमध्ये केली. एकात निरोगी कांदा, दुसऱ्यात त्याच कांद्यात मुद्दाम ठेचलेले पाच-सहा. वायू ओळखणाऱ्या एमक्यू-१३५ सेन्सरने फरक लगेच दाखवला, तापमानात मात्र काहीच दिसलं नाही. मुलांनी तापमानाचा नाद सोडून तीन एमक्यू घ्यायचं ठरवलं. चाळीत नेमकं उलट झालं. क्रेटमधल्या थोड्या कांद्यांची उष्णता चारी बाजूंनी निघून जाते, पण चार-पाच फूट उंचीच्या ढिगात सडणाऱ्या जागेची ऊब कोंडते. वायूचं याच्या उलट : चाळीला हवेसाठी फटी असतात, वारा वास उडवून नेतो. शिवाय हा सेन्सर दमटपणालाही दाद देतो, त्यामुळे पाऊस लागताच सगळ्याच खणांचे आकडे वर सरकले.

एमक्यूची दुसरी अडचण विजेची. त्याच्या आतला हीटर सतत तापता ठेवावा लागतो, आणि नव्या सेन्सरला किमान २४ तास तापवल्याशिवाय आकडे स्थिरावत नाहीत. तीन सेन्सर सुमारे अर्धा अँपिअर ओढतात. ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर आर्डुइनो ऊनोच्या (सेन्सर वाचणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या) रेग्युलेटरला, म्हणजे ९ व्होल्टचे ५ करणाऱ्या भागाला, ४ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर, म्हणजे २ वॅट उष्णता सोसावी लागते. तो तापून बंद पडतो. वेगळा पुरवठा दिला तरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम एक दिवस पुरते. शेवटी एमक्यू काढूनच टाकले. मुलांना वाईट वाटलं, पण निर्णय त्यांनीच हिशेब मांडून घेतला.

राहिले डीएस१८बी२० हे तापमानाचे जलरोधक सेन्सर. एक इंची, पाच फुटी पीव्हीसी पाइपला दर दोन इंचांवर ६ मिलिमीटरची भोकं पाडली आणि आत दीड व तीन फुटांवर एकेक सेन्सर बांधला. प्रत्येक खणात असा एक पाइप, आणि बाहेर सावलीत एक सेन्सर. सगळे एकाच डेटा-तारेवर चालतात. डेटा आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा एकच रेझिस्टर लागतो. मधल्या एका जागेपासून सगळीकडे तारा फाकवल्या तर लांब अंतरावर वाचन चुकतं. एक मुख्य तार चाळीच्या लांबीने न्यावी आणि फाटे आखूड ठेवावेत. पडद्यावर -१२७ आलं तर सेन्सर तुटला आहे किंवा जोड सुटला आहे. नेमकं ८५ आलं तर मोजणी पूर्ण होण्याआधीच वाचलं गेलंय किंवा वीज क्षणभर गेली आहे. हे दोन्ही आकडे प्रोग्राममध्येच गाळावेत, नाहीतर खोटा इशारा जातो.

या सेन्सरची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश आहे, म्हणजे दोन सेन्सरांत एक अंशाचा फरक नुसता सेन्सरांमुळेही दिसू शकतो. सगळे एकत्र बांधून बारीक बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवले आणि शून्यापासून कोण किती सरकतो ते लिहून घेतलं. मग नियम ठरला : एखादा खण बाकीच्यांच्या सरासरीपेक्षा २ अंशांनी गरम आणि तसा सलग १२ तास, तरच एसएमएस. दुपारी तापलेल्या पत्र्यांमुळे पश्चिमेकडचा खण रोज काही तास गरम होतो, म्हणून १२ तासांची अट.

एसएमएससाठीचं सिम८००एल मोड्यूल (सिमकार्ड बसणारा छोटा बोर्ड) संदेश पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. ऊनोच्या ५ व्होल्ट पिनवर जोडलं की ते पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं. त्याला व्होल्टेज कमी करणाऱ्या एलएम२५९६ कन्व्हर्टरने वेगळे ४ व्होल्ट द्यावेत, मोड्यूलला खेटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि दोन्हींचं ग्राउंड एक करावं. ते २जीवर चालतं, जिओचं सिम त्यात चालणार नाही. ब्रेडबोर्डही (तारा नुसत्या खोचून जोडायची पाटी) चाळीत नको; धूळ आणि ओलाव्याने जोड सुटतात. झिरो पीसीबीवर (भोकं असलेल्या सर्किटच्या पाटीवर) डाग द्यावा, म्हणजे जोड सोल्डर करावेत, आणि तारा केसिंगमधून न्याव्यात, कारण उंदीर.

प्रदर्शनात मांडण्याआधी एक काम राहू देऊ नये. पेटंटचा विचार असेल तर तात्पुरता अर्ज आधी करावा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. आधी जगाला दाखवलं की नावीन्याचा दावा अडचणीत येतो.

एसएमएसमध्ये मुलांनी तापमान, फरक, वेळ असं सगळं घातलं होतं. शेतकरीदादा म्हणाले, ‘खणाचा नंबर तेवढा पाठवा, बाकी मी बघतो.’ आता संदेश असा जातो : ‘खण ३ बघा.’