महिन्याला किती कॉल, एवढं विचारून भागत नाही

एमडी झाल्यावर सक्तीच्या सरकारी सेवेचं, म्हणजे बाँडचं, वर्ष संपत आलं आणि मी नोकऱ्या बघायला लागले. मी भूलतज्ज्ञ, राहायला डोंबिवलीला. रेसिडेन्सी परळला झाली. इमर्जन्सीचा दिवस, ती रात्र आणि वर दुसऱ्या दिवशीची ओटी (ऑपरेशन थिएटर), असे सलग छत्तीस तास अंगवळणी पडले होते. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशात निवासी डॉक्टरांसाठी सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास ड्यूटी लिहिली आहे, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. कळल्यावर आम्ही सगळे हसलो होतो. अशीच एक ड्यूटी संपवून दादरहून कर्जत फास्ट पकडली, बसायला जागा मिळाली (तिथेच सावध व्हायला हवं होतं) आणि जाग आली ती डोंबिवलीच्या पार पुढे, नेरळला.

म्हणून यावेळी पगाराच्या आधी कॉलचं, म्हणजे इमर्जन्सीसाठी रात्रीबेरात्री हजर राहायच्या पाळ्यांचं, विचारायचं ठरवलं होतं. पण विचारायचं म्हणजे काय, तर “महिन्याला किती कॉल?” याच्या पुढचा प्रश्न मला येत नव्हता.

दोन ठिकाणी बोलणं झालं. एक परळ भागातलं ट्रस्टचं हॉस्पिटल. नाव मोठं, केसेस चांगल्या, पगार चांगला. चार कन्सल्टंट, दर चौथ्या दिवशी होम कॉल. दुसरं मुलुंडचं. तिथे महिन्याला सहा वेळा चोवीस तास हॉस्पिटलमध्येच राहायचं आणि पगार कमी. “मॅडम, होम कॉल म्हणजे फोन नाही आला तर घरीच की तुम्ही,” परळच्या एचआरच्या बाई म्हणाल्या. माझ्या आईलाही ते एकदम पटलं. “घरी झोपायला मिळतंय ते सोडून तिकडे रात्री जागायला कशाला जातेस?”

मी कागद घेऊन बसले. दर चौथा दिवस म्हणजे वर्षाला ९१ रात्री. महिन्याला सहा म्हणजे ७२. चारांतला एक सोडून गेला, की परळच्या ९१ च्या १२२ होतात, आणि नवा माणूस येईपर्यंत किती महिने जातील ते कोणी लिहून देत नाही. बरं, घरी असणं म्हणजे तरी काय? इमर्जन्सी सिझेरियन ठरल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत अर्धा तास धरतात. डोंबिवलीहून परळ अर्ध्या तासात? रात्री शेवटची लोकल गेली, की पहाटेपर्यंत गाडीच नाही. पावसाळ्यात परळजवळचं हिंदमाता तुंबलं तर टॅक्सीवालाही हात जोडतो. आणि कॉलच्या संध्याकाळी सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटकाला बसले, तरी अर्धं लक्ष फोनकडे.

तरी मन परळकडेच ओढत होतं. खरं उत्तर दिलं ते तिथल्या ओटीतल्या मामांनी, म्हणजे वॉर्डबॉयनी. ओटी बघायला गेले होते, तेव्हा सहज विचारलं, “मामा, रात्री लांबून येणारे डॉक्टर थांबतात कुठे? कॉल रूम दिसली नाही.”

“कॉल रूम कशाला असेल मॅडम, होम कॉल आहे ना,” मामा म्हणाले. मग जरा हळू आवाजात, “ते ठाण्याचे सर गाडीत झोपतात. खाली पार्किंगला. उशी असते त्यांच्या डिकीत.”

उशी डिकीत ठेवायची वेळ येते, त्याला होम कॉल म्हणायचं का, हे मी एचआरच्या बाईंना विचारलं नाही. तिथून आधी सोडून गेलेल्या एका सीनियरचा नंबर मिळवला. ते जास्त बोलले नाहीत. “लेबर एपिड्युरल देतात का ते विचार,” एवढंच म्हणाले. हा प्रश्न मला सुचला नसता. प्रसूतीच्या कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून नळी घालून औषध देतात, ती लेबर एपिड्युरल. देत असतील, तर रात्री दोनला सिझेरियन नसलं तरी कळा सुरू झालेल्या बाईसाठी जावं लागतं, आणि नंतर डोस वाढवायचा की नाही यासाठी फोन येत राहतात. परळला देत होते. चांगलीच गोष्ट आहे, पेशंटसाठी. पण रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यावर, ती दिसत नाही.

फ्रीलान्सिंगचाही विचार केला. डोंबिवली-कल्याणच्या नर्सिंग होममध्ये भूल देणारी माझी बॅचमेट चांगलं कमावते. पण तिला नाही म्हणता येत नाही. दोनदा नाही म्हटलं, की तिसऱ्यांदा फोन दुसऱ्याला जातो. मला ते जमलं नसतं.

मुलुंडला मग नीट तयारी करून गेले. तिथल्या हेड सरांना पहिलाच प्रश्न विचारला, “सर, रात्री दोन सिझेरियन एकदम आली, तर दुसऱ्या टेबलवर कोण?” एका वेळी दोन पेशंटना भूल देऊन दोघांवर लक्ष ठेवता येत नाही, आणि ऐनवेळी ते सर्जनला समजावत बसायची माझी इच्छा नव्हती. सर थोडे थांबले. मग म्हणाले, “सेकंड कॉल मी. पंधरा मिनिटांवर राहतो.” आणि उठून मागच्या तीन महिन्यांचं रोस्टर दाखवलं. त्यात खाडाखोड होती, सुट्ट्यांची अदलाबदल होती, गणपतीत कोण आणि दिवाळीत कोण यावरून झालेली ओढाताणही दिसत होती. कोरं करकरीत रोस्टर दाखवलं असतं, तर मी घाबरले असते.

ऑफर लेटर आलं. त्यात ‘कॉलनंतर दुसऱ्या दिवशी शक्यतो सुट्टी’ असं होतं. ‘शक्यतो’ काढा, असं मी कळवलं. आठ दिवस काही उत्तर नाही. आई म्हणाली, “एका शब्दासाठी नोकरी घालवशील.” नवव्या दिवशी सुधारलेलं पत्र आलं.

गेल्या महिन्यात सहापैकी दोन वेळा दुसऱ्या दिवशी निघायला दुपारचा एक वाजलाच. तेवढं चालतं. मुलुंडहून मी आता डोंबिवली लोकलच पकडते. झोप लागली तरी गाडी डोंबिवलीच्या पुढे जात नाही.