हजेरीच्या कागदावरची सही

समोर छेडछाड किंवा छळ होत असताना विद्यार्थ्यांनी बघ्याची भूमिका न घेता मध्ये कसे पडावे, याचे उपक्रम आपापल्या महाविद्यालयात कसे उभे करायचे, हे तिथल्या प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवणे हे माझे काम आहे. त्या दिवशी सकाळी मी बिब लॅटाने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ सालचा धुराचा प्रयोग सांगितला. खोलीत धूर शिरू लागल्यावर एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी तो बाहेर जाऊन कळवला. पण सोबत पढवून ठेवलेली दोन माणसे निर्विकार बसलेली असली, की कळवणारे १० टक्केच उरले. "धूर दिसत असताना गप्प बसेल तरी कोण?" असे मागून कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

दुपारी गटचर्चा सुरू असताना एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी शेजारच्या तरुण ग्रंथालय सहायिकेच्या कपड्यांवरून शेरा मारला आणि ती ओशाळल्याचे पाहून तोच शेरा जरा मोठ्याने पुन्हा मारला. दोघेतिघे हसले, बाकीच्यांनी कागदात डोके घातले. मी फळ्यापाशी खडू धरून उभी होते आणि मलाही शब्द फुटेना. ते वयाने मोठे आहेत, सलगीने बोलत असतील, टोकले तर सत्र हातचे जाईल, असा हिशेब मनात चालू होता. माणसे गप्प का राहतात याची सकाळी मीच लिहिलेली कारणे फळ्यावरून अजून पुसलीही नव्हती.

तेवढ्यात वसतिगृहाच्या रेक्टरबाई उठल्या. "मॅडम, जरा इकडे येता का? हजेरीच्या कागदावर तुमची सही राहिलीय." सहायिका गेली, आणि बाईंनी तिला आपल्याच गटात बसवून घेतले. तिची सही सकाळीच झाली होती, हे मला नंतर कागद पाहिल्यावर कळले.

थेट टोकणे, लक्ष दुसरीकडे वळवणे आणि अधिकारी व्यक्तीला बोलावणे असे तीन मार्ग मी नेहमी शिकवते. त्यातला दुसरा अनेकांना पळवाट वाटतो. बाई म्हणाल्या, "वाद घालायची माझी हिंमत नव्हती, तिला तिथून उठवणे तेवढे सुचले." प्राध्यापकांशी मी मधल्या सुट्टीत एकांतात बोलले. ते आधी चिडले, मग गप्प झाले. सहायिकेला काय हवे आहे, हे विचारले तेव्हा तक्रार नको म्हणाली, पण एवढे सांगितले, की दुसऱ्यांदा शेरा आला तेव्हा ती माझ्याकडेच पाहत होती.

भित्तिपत्रके, शपथ आणि एक व्याख्यान, एवढाच सकाळी गटांचा आराखडा होता. संध्याकाळी त्यात ग्रंथालयाचा काउंटर आला, वसतिगृहाचा जिना आला, कोणी कोणाला फोन करायचा हे आले आणि म्हणायची वाक्ये मोठ्याने घोकण्याचा तासही आला. माझ्या टिपणातही भर पडली: खोलीतच असे घडले तर प्रशिक्षकाने काय म्हणून चर्चा थांबवायची. ते वाक्य मी प्रत्येक सत्राआधी दोनदा मोठ्याने म्हणून पाहते.