लवदार लोकरीची जाळी आणि तिच्यातले मणी

मोहेर आणि रेशीम यांच्या मिश्रणाची तलम लोकर हातात घेतली, तर तिचे वजनच जाणवत नाही. २५ ग्रॅमच्या एका गुंड्यात साधारण २१० मीटर धागा असतो : आत रेशमाचा बारीक तंतू आणि त्याभोवती अंगोरा जातीच्या करडांच्या केसांची मऊ लव. अशा लोकरीचा, मणी जडवलेला जाळीदार गळपट्टा मी नुकताच पूर्ण केला.

जाळीच्या विणीत सुईवर धाग्याचा वेढा घेऊन छिद्र पाडायचे आणि शेजारी दोन टाके एकत्र विणून टाक्यांची संख्या कायम राखायची, एवढेच मुळात असते. गुळगुळीत धाग्यात अशी पाने-वेली लख्ख उठून दिसतात. लवदार धाग्यात मात्र लव छिद्रांवर पसरते आणि नक्षी धूसर होते, म्हणून या लोकरीत मणी नक्षी दाखवण्याचेच काम करतात, असे माझे मत झाले आहे. सुरुवातीला मी मणी सगळीकडे विखुरले होते. ते चमकले खरे, पण पान काही दिसेना. मग फक्त पानाच्या मधल्या शिरेवर आणि टोकाशी मणी ठेवले, तेव्हा आकार नजरेला सापडला.

मणी आधीच धाग्यात ओवून ठेवण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही. मी तीही करून पाहिली : दोनशे मणी धाग्यावरून पुढेमागे सरकत राहिले, त्यांनी लव घासून काढली आणि धागा जागोजागी विरला. त्याऐवजी ज्या टाक्यात मणी हवा, त्या टाक्यापाशी पोहोचल्यावरच तो घालावा. पाऊण मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईवर मणी चढवायचा, तिच्या आकड्यात डाव्या सुईवरचा टाका अलगद पकडायचा आणि अंगठ्याने मणी टाक्यावर उतरवायचा. त्या क्षणी सगळी लव मण्याच्या छिद्रात दबून जाते आणि पलीकडे निघताच पुन्हा फुलते. हे पाहण्यासाठी माझा हात दर वेळी थोडा थांबतो. मग टाका डाव्या सुईवर परत ठेवून सुलट विणायचा. मण्यांचा नंबर जितका मोठा तितका मणी लहान, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. या लोकरीला ६ किंवा ८ नंबरचे मणी बसतात. ओल्या पांढऱ्या कापडावर घासून त्यांचा रंग सुटतो का, हेही आधी पाहावे.

ही लोकर उसवणे फार कठीण, कारण शेजारच्या टाक्यांची लव एकमेकींत गुंतून बसते आणि ओढले की गाठ आवळते. त्यामुळे नक्षीची एक फेरी पूर्ण झाली की मी सगळ्या टाक्यांमधून गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवते; पुढे चूक झाली, तर तेवढ्यापर्यंतच उसवावे लागते. एकदा हा दोरा घालायचा आळस केला आणि दोन संध्याकाळी नुसते केस सोडवण्यात गेल्या.

टाके बंद करताना मी एक माप जाड सुई घेते, नाहीतर काठ आखडतो. शेवटी गळपट्टा कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपले आणि टाचण्यांनी ताणून सपाट वाळवला. टाचण्या काढून उचलला तेव्हा मण्यांच्या भाराने काठ सरळ खाली लोंबला, आणि वरची जाळी मात्र श्वासानेही हलत होती.