दोन गुणांचे तीन पराभव

सोमवार

युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकटच्या महिला बास्केटबॉल संघाचे जुने निकाल पुन्हा चाळायला घेतले. अमेरिकेत या संघाला सगळे ‘यूकॉन’च म्हणतात. 12 राष्ट्रीय विजेतेपदं, त्यांतली सहा एकही सामना न हरता. एवढ्या विजयांची यादी वाचताना थोड्या वेळाने डोळे नुसतेच ओळींवरून घसरतात. म्हणून आज उलटं केलं: फक्त हरलेले सामने पाहिले.

2014-15 ते 2017-18 हे चार हंगाम. 38-1, 38-0, 36-1, 36-1. म्हणजे 148 विजय, 3 पराभव. आणि हे तिन्ही पराभव जादा वेळेतले, तिन्ही बरोबर दोन गुणांचे. स्टॅनफर्ड 88-86, मिसिसिपी स्टेट 66-64, नोत्र दाम 91-89. चार वर्षांत ठरलेल्या चाळीस मिनिटांत या मुलींना कोणीही हरवलेलं नाही. हरल्या त्या पुढच्या पाच मिनिटांत, आणि तिन्ही सामने मिळून कमी पडले ते सहा गुण.

याला नुसतं नशीब म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

मंगळवार

आधी थोडी पार्श्वभूमी. संघ 1974-75 पासून खेळतोय, पण पहिल्या दशकभरात हरण्यापेक्षा जिंकणं जास्त झालं असा हंगाम एकच. 1985 मध्ये जीनो ऑरिएमा प्रशिक्षक म्हणून आले. जन्म इटलीतला, वाढले पेन्सिल्व्हेनियात. सोबत ख्रिस डेली सहप्रशिक्षक, त्या तेव्हापासून आजतागायत आहेत. ऑरिएमांचं कौतुक करणारे बहुतेक जण हे नाव विसरतात. पहिला हंगाम 12-15. त्यानंतर तोट्यातला हंगाम पुन्हा आला नाही. 1990 मध्ये स्टॉर्सला गॅम्पेल पॅव्हेलियन उघडलं. स्टॉर्स म्हणजे शेतीच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेभोवती वाढलेलं गाव, मोठं शहर जवळ नाही. 1991 मध्ये संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला, आणि 1995 मध्ये 35-0 करून पहिलं विजेतेपद.

तो 1995 चा अंतिम सामना टेनेसीविरुद्ध, मिनियापोलिसला. पहिल्या सत्रातच यूकॉनच्या रिबेका लोबो, जेन रिझोटी आणि कारा वॉल्टर्स या तिघींचे प्रत्येकी तीन फाउल झाले. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जाते, त्यामुळे तीन झाले की प्रशिक्षक तिला बेंचवर बसवतो. मध्यंतराला टेनेसी 38-32 ने पुढे. दुसऱ्या सत्रात लोबो सावरली आणि शेवटची दोन मिनिटंही उरली नसताना रिझोटी रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू) घेऊन एकटीच मैदानभर धावली, समोरच्या गार्डला हात बदलून चकवलं आणि लेअप (कडीजवळून सोडलेला फटका) टाकला. यूकॉन पुढे गेली ती गेलीच, 70-64. हा संघ घट्ट सामना जिंकू शकत नाही असं म्हणणाऱ्याने हा सामना आधी पाहावा.

बुधवार

मिसिसिपी स्टेटचा सामना. 31 मार्च 2017, डॅलस, उपांत्य फेरी. यूकॉनने तोपर्यंत सलग 111 सामने जिंकलेले. आदल्याच वर्षी याच मिसिसिपी स्टेटला त्यांनी 98-38 असं धुतलं होतं, साठ गुणांनी!

वर्षभरात साठ गुणांचा फरक गेला कुठे? 2016 च्या संघातून ब्रियाना स्ट्युअर्ट, मोराया जेफरसन आणि मॉर्गन टक बाहेर पडल्या. व्यावसायिक लीगच्या निवडीत त्या वर्षी पहिला, दुसरा आणि तिसरा क्रमांक याच तिघींचा. राहिलेल्या मुली उत्तम होत्या, पण मोठ्या सामन्यात सगळा भार सहा-सात जणींवर पडत होता.

शेवटाकडे बारकाईने पाहण्यासारखं आहे. मिसिसिपी स्टेटने दुसऱ्या क्वार्टरमध्ये 16 गुणांची आघाडी घेतली होती, ती यूकॉनने भरून काढली. 60-60 वर शेवटचा फटका त्यांच्या मॉर्गन विल्यमकडे आला. उंची पाच फूट पाच इंच. यूकॉनच्या गॅबी विल्यम्सने तो अडवला आणि सामना जादा वेळेत गेला. तिथे मिसिसिपी स्टेट 64-62 ने पुढे असताना यूकॉनच्या केटी लू सॅम्युएलसनला कोपर लागलं. पंचांनी चित्रीकरण पाहून फाउल दिला. तिने दोन्ही फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे बिनअडथळ्याचे फटके) टाकले, 64-64, आणि वर चेंडूही यूकॉनकडेच.

आता अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला आणि शॉट क्लॉक (चेंडू मिळाल्यावर फटका घेण्याची मुदत) 30 सेकंदांचा. म्हणजे चेंडू धरून ठेवायचा, शेवटच्या पाच-सहा सेकंदांत फटका घ्यायचा. हुकला तरी समोरच्यांना वेळ मिळत नाही. हे शाळेतल्या मुलींनाही शिकवतात. पण यूकॉनची सनिया चाँग लवकर आत घुसली आणि चेंडू गेला. तेच धोरण मग मिसिसिपी स्टेटने वापरलं: विल्यमने वेळ काढला, उजवीकडे ड्रिबल केला, थांबली, गॅबी विल्यम्सच्या हातावरून फटका मारला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. 66-64.

पाच मिनिटांत यूकॉनचे गुण चार. मला हा आकडा त्या शेवटच्या फटक्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. थकलेल्या पायांनी फटके आखूड पडतात, कडीच्या पुढच्या काठावर आपटतात. आणि महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये जादा वेळ हा चौथ्या क्वार्टरचाच पुढचा भाग धरतात. संघाचे फाउल शून्यावर येत नाहीत, त्यामुळे क्वार्टरमधले पाच फाउल आधीच झाले असतील तर पुढच्या प्रत्येक फाउलला समोर दोन फ्री थ्रो. बचाव करणारीचे हात आपोआप मागे राहतात.

गुरुवार

नेहमीचं स्पष्टीकरण असं देतात की यूकॉनला घट्ट सामन्यांची सवयच नव्हती. 2013 ते 2020 हा संघ ज्या अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या गटात) होता, तिथे एकही सामना हरला नाही. तीस-चाळीस गुणांनी जिंकणं रोजचं, मग शेवटच्या दोन मिनिटांचा अभ्यास होणार कधी? सरावात मुलांच्या संघाशी खेळतात खरं. विद्यापीठातलेच विद्यार्थी पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली गिरवतात, उंचीने आणि ताकदीने मुलींना जड जातात. पण सरावात घड्याळाची भीती नसते.

हे अर्धंच खरं आहे. 2016-17 च्या त्याच हंगामात फ्लोरिडा स्टेटला त्यांनी 78-76 असं हरवलं, फेब्रुवारीत टुलेनला 63-60. म्हणजे सवय अगदीच नव्हती असं नाही. माझं मत बेंचकडे, म्हणजे राखीव खेळाडूंकडे झुकतं. एका महिला संघाला तेव्हा 15 शिष्यवृत्त्या देता येत. पण मार्च अखेरीस प्रशिक्षकाचा विश्वास सहा जणींवरच उरला असेल तर पंचेचाळिसाव्या मिनिटाला ते दिसतंच. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा थोड्या दिवसांत उरकते, तिथे हेच रोज संध्याकाळी दिसतं.

2018, कोलंबस: नोत्र दामच्या अरिके ओगुनबोवालेने एक सेकंद उरलेला असताना फटका टाकला, 91-89. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात तिने तोच प्रकार मिसिसिपी स्टेटबरोबर केला. काही वेळा समोरची खेळाडूच भारी असते, त्यावर बेंच वगैरे बोलून उपयोग नाही.

शनिवार

गुडघ्यांचा विषय राहिलाच. 2016 नंतर विजेतेपदाला नऊ वर्षं लागली त्यात याचा वाटा मोठा. संघातल्या पेज बेकर्सच्या गुडघ्यापाशी डिसेंबर 2021 मध्ये हाड मोडलं, ऑगस्ट 2022 मध्ये त्याच गुडघ्याचा एसीएल (आतला एक स्नायुबंध) तुटला, पूर्ण हंगाम गेला. तिच्याविना 2023 मध्ये संघ लागोपाठ दोन सामने हरला. 1993 नंतर प्रथमच! तिची सहकारी ॲझी फडचा एसीएल नोव्हेंबर 2023 मध्ये गेला. हा स्नायुबंध बहुतेकदा कोणी धडकल्याने तुटत नाही. उडी मारून उतरताना किंवा एकदम दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि तुटतो. परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष.

2024 च्या उपांत्य सामन्यात पाच खेळाडू जायबंदी असताना आयोवाकडून 71-69 अशी हार. पुन्हा दोन गुण. 3.9 सेकंद उरलेले, एका गुणाने मागे, आणि यूकॉनच्या आलिया एडवर्ड्सच्या स्क्रीनवर (सहकारीला मोकळं करायला बचावपटूच्या वाटेत उभं राहणं) फाउल दिला गेला. स्क्रीन लावणारीने बचावपटूचा धक्का बसेपर्यंत जागेवर स्थिर राहायचं, पाय खांद्यांच्या रुंदीबाहेर पसरायचे नाहीत, कोपर-कंबर बाहेर काढायची नाही. नियमाने फाउल होता असं मला वाटतं. तसले स्क्रीन त्याच सामन्यात आधीही सुटले होते, हेही तितकंच खरं. वाद अजून चालू आहे.

पुढच्या हंगामात, 2024-25 मध्ये, तीन पराभव: नोत्र दाम 79-68, यूएससी 72-70, टेनेसी 80-76. जादा वेळेतला एकही नाही. 6 फेब्रुवारीला टेनेसीकडून हरल्यावर मात्र कोणी आवरलं नाही. दहा दिवसांत साउथ कॅरोलायनाला त्यांच्याच घरी 87-58, मग टँपाला उपांत्य फेरीत यूसीएलएला 85-51, अंतिम सामन्यात पुन्हा साउथ कॅरोलायना 82-59. फड 24, पहिल्याच वर्षाची सॅरा स्ट्राँग 24 आणि 15 रिबाउंड, बेकर्स 17. तीन दिशांनी गुण येत असले की एकीला दोघींनी घेरून काही साधत नाही. 2017 ला जादा वेळेत हीच सोय नव्हती.