त्या रात्री मी उत्तर दिलं नाही

कोल्हापुरात पाळक म्हणून इतकी वर्षं काढली, पण या ताईंसारखा पापांगीकार कधी ऐकला नव्हता. शाळेत शिक्षिका, वय तिशीच्या आसपास. उपासनेत बसल्या की देवाविषयी घाणेरडे शब्द मनात घुसायचे, नको नको म्हणताना. मग रात्री मेसेज: 'पास्टर, माझ्याकडून पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण झालं का? क्षमा आहे ना?' बायबलमध्ये या एकाच पापाला क्षमा नाही असं म्हटलंय, तो मत्तयाचा 12 वा अध्याय मी समजावून सांगायचो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एका रात्री 31 मेसेज. 'अयोग्य प्रकारे' घेतलं जाईल या भीतीने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, तर सहा महिने बंद. मंडळीत कुणी सैतानाचं काम म्हटलं, कुणी उपास सांगितला. मीही एकदा 'विश्वास वाढवा' म्हणून बसलो होतो. ते अजून बोचतं.

शेवटी त्या, त्यांचे मिस्टर आणि मी राजारामपुरीतल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हा ओसीडी, आपण मंत्रचळ म्हणतो तो. कुणाचे हात धुऊन होत नाहीत, यांची क्षमा मागून होत नाही." गोळ्या लिहून दिल्या, गुण यायला दोन-तीन महिने लागतील म्हणाल्या. सोबत थेरपी: शंका येऊ द्यायची, पण तिच्यामागे धावायचं नाही. मग माझ्याकडे वळल्या. "पास्टर, तुम्ही रोज धीर देता ना, त्यावरच हा आजार पोसतोय."

मठात असताना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर तासन्‌तास पापांगीकार करायचा, हे आम्हाला त्याच्या भक्तीची गोष्ट म्हणून शिकवलं होतं. परतताना मला त्यातली तगमगच आठवत राहिली.

यापुढे शंकेला धीर न देता एकच ठरलेला मजकूर पाठवायचा, असं ताईंच्या संमतीने ठरलं. रात्री अकराला फोन थरथरला. 'पास्टर, फक्त एकदा हो म्हणा.' अंगठा 'हो'वर गेलाच होता. तो मागे घेऊन ठरलेलं लिहिलं: 'हा ओसीडीचा प्रश्न आहे. मी सोबत आहे.' पुढचा तासभर 'टायपिंग' दिसायचं, विझायचं. मला ते बघवेना. बायकोने फोनवर ताटली पालथी घातली आणि शेजारी बसून राहिली.

साडेबाराला मेसेज आला: 'बरं. झोपते.'

चार महिन्यांनी एका रविवारी त्यांनी थरथरत्या हाताने प्याला घेतला. दारात सलाम करताना म्हणाल्या, "शंका होती, पास्टर. तरी घेतलं."

'क्षमा आहेच' हे शब्द ओठांवर आले होते. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी मुलांनाही आणा."