स्विच खराब नव्हता

रत्नागिरीकडच्या एका जेटीवरचा कॅमेरा अख्खा पावसाळा विनातक्रार चालला. सप्टेंबरात यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला, नेटवर्क केबलमधूनच त्याला वीज देणारा स्विच अर्धा तास बंद ठेवला, तर कॅमेरा परत सुरूच होईना. स्विचच्या लॉगमध्ये एवढंच, की समोरचं उपकरण ओळखता येत नाही.

माझ्याआधी गेलेल्या मुलाने साधा इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारा अडॅप्टर, लावला. कॅमेरा लगेच चालू झाला आणि रिपोर्टात आलं, 'स्विच खराब'. आमच्या धंद्यात हे दोन शब्द फार स्वस्त झालेत. तो इंजेक्टर पलीकडे काय आहे ते न बघता ४८ व्होल्ट सोडून देतो. स्विच आधी विचारतो. १० व्होल्टच्या आतले दोन वेगवेगळे व्होल्टेज देऊन करंट किती वाढला ते मोजतो आणि त्यावरून रेझिस्टन्स काढतो. मापं दोन अशासाठी, की उपकरणातल्या डायोडवर पडणारं व्होल्टेज वजाबाकीत निघून जातं. पीओई, म्हणजे नेटवर्क केबलवरूनच वीज घेणाऱ्या, उपकरणात २५ किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स ओळखीसाठीच असतो. उत्तर १९ ते २६.५ मध्ये आलं तर स्वीकारायचं, १५ किंवा त्याखाली आलं तर नाकारायचंच. ओळख पटल्यावरच मुख्य व्होल्टेज. २००३ च्या मानकापासून हे असंच चालत आलंय, म्हणून तर त्याच पोर्टात कुणी लॅपटॉप लावला तरी तो जळत नाही.

मी केबलची दोन्ही टोकं सोडवली आणि तारांच्या ज्या दोन जोड्यांतून पॉवर जाते त्यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला. तिथे काहीच यायला नको. आकडा ३० किलोओहमच्या आसपास हलत होता. कॅमेऱ्याच्या २५ ला हे ३० समांतर, म्हणजे स्विचला दिसणार साडेतेरा. स्विचने नकार दिला तो अगदी नियमाने.

खांबावरचा डबा उघडला तर केबलचे दोन तुकडे जोडणाऱ्या कपलरमध्ये खारं पाणी आणि पिनांवर हिरवा गंज. केबल डब्यात वरून आत घेतली होती. ती खालूनच घ्यायची असते हे दर वर्षी सांगतो, आणि कंत्राटदार दर वर्षी आपल्या सोयीने भोक पाडतात.

मग हा चार महिने चालला कसा? ५० व्होल्टला त्या ओलीतून जेमतेम पावणेदोन मिलिअँपिअर गळतात, कॅमेरा शंभराच्या वर खातो. चालू पोर्टवर स्विच रेझिस्टन्स पुन्हा मोजत नाही. करंट मर्यादेबाहेर गेला का, किंवा जवळपास थांबला का, एवढ्यावरच त्याचं लक्ष असतं. पावणेदोन त्याला दिसतच नाहीत. आणि तेच डीसी व्होल्टेज त्या पाण्यात प्लस बाजूच्या पिनेचं तांबं रोज थोडं थोडं खात राहतं.

जॉइंट काढून केबल सलग टाकली, जुन्याच पोर्टवर कॅमेरा उठला. आता मी मागतोय ते एवढंच, की पावसाळ्यात महिन्यातून एकदा दिवसाउजेडी प्रत्येक पोर्टची पॉवर बंद करून चालू करू द्या. जो उठणार नाही तो आपल्यासमोर पडेल, वादळाच्या रात्री लाइट जाऊन आल्यावर नाही. ऑफिस म्हणतं, रेकॉर्डिंगमध्ये खंड चालणार नाही.